खाटवाल्याचं तिसरं रीळ

गेल्या महिन्यात शहापूरला गेले होते. मावसबहिणीच्या लग्नाची साडी घ्यायची होती. मागांच्या गल्लीतून मावशीच्या घराकडे परतायचे दोन रस्ते आहेत. त्यातला लांबचा रस्ता मी इतकी वर्षं घेत आले. त्या दिवशी मावशीचे गुडघे दुखत होते, म्हणून जवळच्या रस्त्याने निघालो आणि पत्र्याच्या शेडसमोर आलो.

शेडमध्ये आता रेशनचं धान्य ठेवतात. दार उघडं होतं. ज्वारीच्या पोत्यांचा ओलसर, कोंदट वास बाहेरपर्यंत येत होता. आतल्या भिंतीवर, पोत्यांच्या थप्पीच्या वर, चुन्याने रंगवलेला पांढरा चौकोन अजून दिसतो. तो पडदा होता.

मावशी दम खायला थांबली. “हितंच बोलायचा न्हवं गं तुझा बाप?” तिने विचारलं.

मी हो म्हणाले आणि तिची पिशवी हातात घेतली.

अप्पा सांगणारे होते. सिनेमे तेव्हा मुके होते. चित्रं हलायची, मध्येच काळ्या पाटीवर पांढरी इंग्रजी अक्षरं यायची, आणि शेडमधल्या विणकरांना, भाजीवाल्यांना, खानापूरकडून बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांना त्यातलं अक्षर कळायचं नाही. पडद्याच्या उजव्या अंगाला अप्पा उभे राहायचे आणि सांगायचे. राणी बोलली तर राणीचा आवाज, चोर बोलला तर चोराचा, घोडा उधळला तर टाळूला जीभ लावून टापा. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. घरी ते फार बोलत नसत. तोंडात ज्येष्ठमधाची काडी धरून बसायचे आणि आईच्या शिवणाच्या यंत्राकडे बघत राहायचे.

अप्पांना इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं. आई बेळगावच्या कॅम्पातल्या मुलींच्या शाळेचे फ्रॉक शिवायची, काजं करायची, उसवलेलं नीट करून द्यायची, म्हणून मला त्या शाळेत बसायला मिळालं होतं. नवा सिनेमा आला की डब्यात छापील कागद असायचा, त्यावर सगळ्या पाट्यांचा मजकूर. मी तो मराठीत उतरवायची. गुलाबी जाहिरातींच्या कोऱ्या बाजूवर एकेक पाटी, वर आकडा, मोठं अक्षर. खेळ चालू असताना पडद्याशेजारच्या काळ्या कापडामागे मी तिवईवर बसायची. इंग्रजी पाटी उमटली की त्या आकड्याची चिठ्ठी अप्पांच्या मागे धरलेल्या हातात द्यायची. ते पडद्याच्या उजेडात ती एकदा बघायचे आणि अर्धी वाचून उरलेली मनाने रचायचे. सिनेमा चार-पाच दिवस चालला की त्यांना सगळं पाठ व्हायचं आणि चिठ्ठ्या लागायच्या नाहीत. पण पहिल्या दिवशी ते पूर्णपणे माझ्या चिठ्ठ्यांवर असायचे.

एकच नियम होता. खेळ चालू असताना तिथे दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. मला तो नियम जड गेला नाही. मी शाळेतही बोलत नसे.

उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि कापडामागे घामाचा, गंजाचा, सिनेमाच्या यंत्रातल्या जळक्या कोळशाच्या कांडीचा वास कोंडायचा. पावसाळ्यात पत्र्यावर एवढा आवाज व्हायचा की अप्पा ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे, आणि घरी आई मिठाचं कोमट पाणी करून वाट बघत असायची. थंडीत बायकांच्या बाजूला भाजलेल्या शेंगांची टरफलं घोट्यापर्यंत साचायची. तिप्पाण्णा पेटी वाजवायचा. तो कानडी होता, मराठी बोलताना शब्द उलटेपालटे करायचा, आणि रडायचा प्रसंग आला की भजनाची चाल लावायचा. परदेशातल्या गोऱ्या बाया आमच्या शेडमध्ये मारुतीच्या भजनावर मेल्या.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा आई कॅम्पातल्या दवाखान्यात होती. आठ दिवस ताप उतरला नव्हता. अप्पा रोज पहाटे चालत जायचे, तिच्याजवळ बसायचे आणि दुपारच्या खेळाला परत यायचे. शनिवारी मीही त्यांच्याबरोबर गेले होते. आईचे ओठ सोलवटले होते. तिने अप्पांची बाही धरली.

“येळेला येशीला न्हवं?”

“तू नुस्ती हाक मार,” अप्पा म्हणाले. “मी हाय.”

“हितं सगळी इंग्रजी बोलत्यात. मला एकटीला जायाचं भ्या वाटतंय.”

“जातीस कुठं?” अप्पा म्हणाले. पण निघताना त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. ते मी बघितलं.

घरी आलो तर शेडच्या मालकाचं माणूस दारात. नव्या सिनेमाचा डबा आदल्या दिवशी यायचा, तो आत्ता आला होता. पडद्यावर लावून बघायला वेळ नव्हता. शिवाय मालकाने निरोप दिला होता, की कॅम्पात आता बोलता सिनेमा आलाय. हा खेळ भरला नाही तर शेड बंद.

“गोष्ट काय हाय, तेवढं सांग,” अप्पा मला म्हणाले.

मी घाईने कागद वाचला. मोठं शहर. एका माणसाची बायको दवाखान्यात. दवाखान्यात खाटा संपल्यात. नवऱ्याने स्वतःची खाट आणली तरच तिला ठेवून घेतील. तो खाट डोक्यावर घेऊन शहर ओलांडायला निघतो.

 अप्पा आत गेले आणि आईची खाट उचलून बाहेर आले. आठ दिवस तिच्यावर कुणी झोपलं नव्हतं. दोरीत अजून तिच्या शिवणयंत्राच्या रॉकेलचा आणि डोक्याच्या खोबरेलाचा वास होता. “मंजुळेला कळलं तर हसंल,” ते आईचं नाव घेऊन म्हणाले. त्यांनी खाट डोक्यावर घेतली, ढोलवाल्याला पुढे घातलं आणि शहापूर, कपिलेश्वर, खडेबाजार असे बाजाराच्या गर्दीतून फिरून आले. “बायकू दवाखान्यात, खाट डोक्यावर, तीन वाजता बघा,” असं ओरडत. मागे लोकांची झुंबड. मी दारात बसून चिठ्ठ्या लिहीत होते. ढोल लांब गेला तरी अप्पांचा आवाज येत होता.

शेड भरली. इतकी, की माणसं पत्र्याला टेकून उभी होती.

तो सिनेमा मी नंतर कधी पाहिला नाही, आणि तो अजून कुठे असेल असं मला वाटतही नाही. काळापांढरा, चरचरीत, मध्येच पाऊस पडल्यासारखा. एक लांब तोंडाचा माणूस, डोक्यावर लोखंडी खाट. कोपऱ्यावर शिपाई अडवतो, चार पायांचं आहे म्हणजे वाहन आहे, परवाना दाखव. ट्राममध्ये त्याला एक तिकीट आणि खाटेला दोन. वाटेत एक टोपीवाला साहेब खाटेवर चढून झोपतो, आणि हा त्याला उठवायला लाजतो म्हणून त्याच्यासकट चालतो. अंत्ययात्रा येते, तिरडी मोडलेली असते, ते लोक मेलेल्या माणसाला ह्याच्या खाटेवर ठेवून स्मशानात नेतात, आणि हा टोपी काढून मागून चालतो. स्मशान उलट्या दिशेला. परत येऊन पहिल्यापासून सुरुवात. तो एकदाही चिडत नाही. कुणी काही सांगितलं की मान हलवतो आणि ऐकतो. मला तो आवडत नव्हता. तो फार ओळखीचा होता.

अप्पांनी ते शहर बेळगाव करून टाकलं. “आता ह्यो शहापुरातनं निघाला. ह्यो नाक्यावर अडला. ह्यो बघा खडेबाजारात शिरला, आन् समोरनं कोण येतंय?” लोक पोट धरून हसत होते. एक म्हातारा विणकर हसता हसता बाकावरून खाली घसरला. दुसरं रीळ संपलं, दिवा लागला, यंत्रवाला रीळ बदलू लागला. अप्पा पाणी प्यायला गेले.

तेवढ्यात बायकांच्या दारातून दवाखान्याचा शिपाई आत आला. मला तो ओळखत होता. त्याने माझ्या हातात घडी केलेला कागद दिला, “बाबाला दे, लगेच,” म्हणाला आणि सायकलवर निघून गेला. कागद इंग्रजीत होता. दवाखान्यातल्या गोऱ्या सिस्टरचं अक्षर. तुमच्या बायकोची प्रकृती फार बिघडली आहे, ताबडतोब या.

दिवा विझला. तिसरं रीळ सुरू झालं.

मला दुसरं काही सुचलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले आहे. इंग्रजी कागद हातात आला की मी काय करते, तर मराठीत उतरवते. गुलाबी कागदाच्या कोऱ्या बाजूवर, मोठ्या अक्षरात, मी ते लिहिलं. आकडा घातला नाही. मला वाटलं, आकडा नाही हे त्यांना दिसेल. पाटी उमटली, अप्पांचा हात मागे आला आणि मी ती चिठ्ठी त्यात ठेवली.

अप्पांनी ती उजेडात धरली आणि वाचली. मोठ्याने, त्यांच्या सगळ्यात चांगल्या आवाजात.

“बायकोची तब्येत फार बिघडली आहे, ताबडतोब या,” आणि मग खाटवाल्याकडे हात करून, “आरं बाबा, बायकू चालली तिकडं, आन् तू खाट घिऊन कुठं हिंडतोस?”

शेड अशी हसली की पत्रा वाजला.

मी उठले नाही. उठले असते तर माझी सावली पडद्यावर पडली असती, सगळ्यांनी बघितलं असतं. हाक मारली असती तर नियम मोडला असता. पुढची पाटी आली, अप्पांचा हात मागे आला, आणि मी पुढची चिठ्ठी दिली. मग त्याच्या पुढची. खाटवाला नदीवर आला होता, पूल मधोमध उघडला होता, तो खाट खाली ठेवून पूल बंद व्हायची वाट बघत होता. एक रीळ म्हणजे दहा-बारा मिनिटं. मी आठ चिठ्ठ्या दिल्या.

दिवा लागला. अप्पा घाम पुसत माझ्याकडे वळले. चेहरा फुलला होता. “जमलंय आज,” म्हणाले.

“अप्पा, ती एक चिठ्ठी सिनेमातली नव्हती.”

“कुठली गं?”

मी सिस्टरचा कागद पुढे केला. त्यांना तो वाचता येत नव्हता, पण दवाखान्याचा छाप ओळखता येत होता. त्यांनी हातातल्या गुलाबी चिठ्ठ्या चाळल्या, बिनआकड्याची काढली आणि पुन्हा वाचली. या वेळी ओठ हलले, आवाज आला नाही.

तिप्पाण्णाने काय ते ओळखलं. “होग्री मास्तर, होग्री,” तो म्हणाला. “जावा तुम्ही. हितलं मी बघतो.” आम्ही दारातून बाहेर पडलो तेव्हा दिवा विझला होता, आणि आत नुसती पेटी वाजू लागली होती. लोक ओरडत होते, मास्तर कुठाय, मास्तर कुठाय.

टांगा मिळाला. शहापूर तेव्हा सांगलीच्या संस्थानात होतं, आणि बेळगावात शिरायचं म्हणजे जकातीचा नाका लागायचा. नाक्यावरच्या कारकुनाने बांबू आडवा केला आणि अप्पांना बघून हसला.

“काय मास्तर, खाट कुठं टाकून आलासा?”

“सोडा बाबा. बायकू दवाखान्यात हाय.”

“ते म्हाईत हाय की,” कारकून म्हणाला. “सकाळपास्नं तेच वरडत हुतासा. म्होरलं सांगा.”

“खरंच हाय वो. पाया पडतो.”

कारकुनाने शेजारच्याला कोपराने ढोसलं. “बघ, असं काम पायजे. डोळ्यात पाणी आणलंय.” त्याने टांग्याची बैठक उचलून बघितली, गवताच्या पेंढीत हात घातला, पुन्हा एकदा अप्पांकडे बघून हसला आणि मग बांबू उचलला.

कपिलेश्वराजवळचं फाटक बंद होतं. लोंढ्याकडून आलेली लाकडांची मालगाडी आडवी उभी होती. ओल्या सागाचा वास, इंजिनाची वाफ, आणि काहीच न हलणं. अप्पा खाली उतरले, दोन डब्यांमधल्या साखळीखालून पलीकडचा रस्ता दिसत होता तिथे वाकले. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. मला एकटीला टाकून ते जाऊ शकत नव्हते, आणि मला त्या साखळीखालून नेऊ शकत नव्हते. ते परत येऊन टांग्याच्या दांडीला धरून उभे राहिले. गाडी पुढे सरकली, थांबली, मागे सरकली. फाटकवाला म्हणाला, “दमानं, खाटवाले. तुमच्या बायकूला एवढ्यात काय होत न्हाय. तीनचा खेळ संपल्यावर मरंल.” तो वाईट माणूस नव्हता. सगळ्यांना वाटत होतं की हा जाहिरातीचाच भाग आहे.

खडेबाजारात शनिवारचा बाजार. मिरच्यांचे ढीग, गुळाच्या ढेपा, गाडे आडवे. कुणीतरी ओळखलं आणि हाळी दिली, खाटवाला आला. टांग्याभोवती माणसं जमली. “म्हणा की मास्तर, सकाळचं म्हणा.” अप्पा हात जोडून म्हणत होते, वाट द्या, बायकू दवाखान्यात हाय. ते जितकं जीव तोडून म्हणत तितका हशा वाढत होता. त्यांना दुसरे शब्द सापडत नव्हते. ज्या माणसाने राणीला, चोराला, घोड्याला आवाज दिला त्याला त्या बाजारात एक खरं वाक्य खरं करून सांगता येईना. शेवटी त्यांनी टांगा सोडला, माझं मनगट धरलं आणि आम्ही धावत सुटलो. एका बाईने त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या.

कॅम्प सुरू झाला आणि एकदम शांत झालं. रुंद रस्ते, बेकरीच्या भाजलेल्या पावाचा वास, चर्चच्या आवारात कुणीतरी पाला झाडत होतं. आमच्या पायांचा आणि अप्पांच्या श्वासाचा आवाज तेवढा.

सिस्टर व्हरांड्यात उभी होती. तिने अप्पांकडे बघितलं आणि मग खाली वाकून माझ्याशी इंग्रजीत बोलली, कारण तिला मराठी येत नव्हतं. ती म्हणाली, तुझी आई आत्ताच गेली, पाच मिनिटंही झाली नाहीत. ती शेवटपर्यंत शुद्धीवर होती. दाराकडे तोंड करून सारखी विचारत होती, आले का, आले का. झाडणाऱ्या बाईने आम्हाला ते समजावलं, आणि तिच्याकडूनच आम्ही सांगत होतो की येतायत.

“काय म्हणाली गं?” अप्पांनी विचारलं.

पाच मिनिटं. मी आठ चिठ्ठ्या दिल्या होत्या.

“चिठ्ठी घेऊन शिपाई निघाला तेवढ्यातच आई गेली,” मी म्हणाले. “झोपेतच. काही बोलली नाही.”

अप्पा पायरीवर बसले. “म्हंजे आपण कसंबी आलो असतो तरी...”

“हो,” मी म्हणाले.

सिस्टरने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं, मी सगळं नीट सांगितलं.

शेड महिन्याभरात बंद झाली. अप्पा इथे निपाणीला तंबाखूच्या वखारीत लागले. पोती मोजायची, बोलायचं नाही. तंबाखूच्या खकाण्याने घसा कायमचा बसला. मी शिकले, इथल्याच शाळेत मुलींना इंग्रजी शिकवते. आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल बोललो नाही. फक्त कुणी आईचं विचारलं की अप्पा माझंच वाक्य सांगायचे, शब्द न बदलता. झोपेतच गेली, काही बोलली नाही.

शहापूरहून परत आल्यावर संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, शेड बघितली. अप्पांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहेत. ते ओट्यावर बसले होते. वखारीतून बायका घरी जात होत्या, शिंकत, हसत. त्यांनी विचारलं, पडदा हाय का अजून, मी म्हटलं, चुना आहे. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“त्या सिस्टरबाई काय म्हणाल्या ते गं त्या दिवशी?”

“सांगितलं होतं की, अप्पा.”

“तू सांगितलंस ते म्हाईत हाय. त्यांचं सांग. त्यांच्या बोलीत.”

त्यांना कळणार नव्हतं. म्हणून मी सांगितलं. सिस्टरची सगळी वाक्यं, इंग्रजीत, जशीच्या तशी. ती माझ्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर आली, आणि एकही शब्द अडला नाही, कारण मनात मी ती रोज म्हणत आले होते. अप्पा मान एका बाजूला करून ऐकत होते.

“लई बोलल्या की गं,” ते म्हणाले. “आन् तू इवलंसंच सांगितलंवतंस.”

मी मान हलवली.

“इचारत हुती का मला?”

“हो,” मी म्हणाले. “शेवटपर्यंत. आले का, आले का म्हणत होती.”

अप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही. “इतकी वर्सं मला वाटायचं,” ते म्हणाले, “न इचारताच गेली.”

वखारीचं दार ओढल्याचा आवाज आला. शेवटची बाई गेली. अप्पांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मग आला.

“म्हंजे चिठ्ठी आली तवा येळ हुता.”

“होता,” मी म्हणाले, आणि ते त्या आठ चिठ्ठ्यांचं विचारतील म्हणून त्यांच्याजवळ बसून राहिले.